नवा फोन घेतल्यावर सगळं सुटेल का?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ५८ वर्षांच्या आहेत, हिशेब विभागातून नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत. फोन साडेचार वर्षांचा. तो हल्ली अडकत अडकत चालतो, दुपार कलली की बॅटरी उतरते, आणि 'स्टोरेज फुल' ही सूचना तर रोजचीच. परगावी राहणारा मुलगा म्हणतो, "आई, हा डबा टाकून दे आणि एआयवाला फोन घे." पासवर्ड त्या वहीत लिहून ठेवतात, त्यावरून घरात थट्टा होते. जो तो अ‍ॅप 'पासकी तयार करा' (पासकी म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) म्हणतो आणि त्या दर वेळी 'नंतर' दाबतात. दोन गोळ्या एकत्र घेतलेल्या चालतात का, असं त्यांनी चॅटबॉटला विचारलं तर तो 'चालतं' म्हणाला. दुसऱ्या दिवशी तेच जरा वेगळ्या शब्दांत विचारलं, तर 'टाळलेलं बरं' म्हणाला. त्यात एका मैत्रिणीला तिच्या मुलाच्या हुबेहूब आवाजात पैसे मागणारा खोटा फोन आला. त्या लिहितात: "मी मागे पडले आहे, हे मला दिसतंय. नवा फोन घेतला तर पुन्हा सगळ्यांच्या बरोबरीला येईन का? की या वयात हा नाद सोडूनच द्यावा?"

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात तक्रारी पाच आहेत आणि त्यांवर उपाय एकच, नवा फोन. मी त्या पाचही सुट्या करून पाहिल्या. फोन मंद चालणं आणि बॅटरी उतरणं, या दोन फोनच्या. पासवर्ड, चॅटबॉट आणि खोटा आवाज यांचा फोनच्या वयाशी काडीचा संबंध नाही. उद्या नवाकोरा फोन घेतलात तरी त्या तिन्ही त्यात मुक्कामाला येतील. शिवाय एक सहावी तक्रार आहे. ती तुम्ही लिहिलेली नाही, पण ओळीओळीत जाणवते: चिरंजीवांच्या बोलण्याचा सूर. तिच्याकडे नंतर येते.

त्याआधी या 'मागे पडण्या'बद्दल. तुम्ही बिलं फोनवरून भरता, नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलता, चॅटबॉटला विचारलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी फिरवून विचारता आणि उत्तर बदललं हे टिपून ठेवता. हे शेवटचं काम करणारे लोक फार थोडे असतात. बहुतेक जण पहिलंच उत्तर खरं मानून मोकळे होतात. तुमच्या मुलाने लावलेली कसोटी फोनच्या मॉडेलची आहे, आणि ती दर वर्षी बदलते, कारण दर वर्षी नवं मॉडेल विकायचं असतं. त्या कसोटीने पाहिलं तर त्याचा स्वतःचा फोनही पुढच्या वर्षी मागे पडणार.

'एआयवाला फोन' या शब्दात दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधून विकल्या जातात. एक म्हणजे चॅटबॉट. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुलं झालं तेव्हा ते साध्या ब्राउझरमध्ये चालत होतं. तुमचा फोन फक्त प्रश्न पाठवतो आणि आलेलं उत्तर दाखवतो. ते उत्तर तयार होतं दूर कुठेतरी मोठमोठ्या डेटा सेंटरमधल्या यंत्रांवर. म्हणजे जे उत्तर महागड्या फोनवर येईल तेच तुमच्या फोनवर येईल, चुकांसकट. दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द फोनच्या आत चालणारं एआय: रेकॉर्ड केलेलं बोलणं लिहून देणं, इंटरनेटशिवाय भाषांतर, फोटोतून नको असलेला माणूस पुसणं. त्याला खास चिप आणि जास्त मेमरी लागते, म्हणून अ‍ॅपलने आपली ही सोय २०२३च्या आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्याच फोनांना दिली. याचा खरा फायदा असा, की बोलणं किंवा फोटो फोनबाहेर न जाता काम होतं. तुम्हाला यातलं रोज काही लागतं का? पत्रात तरी तसं काही दिसलं नाही. ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवणारं गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब अ‍ॅप तर २०१९पासून आहे, आणि त्याला काही एआयवाला फोन लागत नाही. निव्वळ एआयच्या शिक्क्यासाठी फोन बदलू नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

आता फोनच्या खऱ्या दोन तक्रारी. साडेचार वर्षांचा फोन म्हणजे म्हातारा, असं मुलाने ठरवलं आणि तुम्ही मान डोलावली. पण फोन मंद होण्यामागे बऱ्याचदा भरलेलं स्टोरेज असतं. फोनची साठवण फ्लॅश मेमरीवर असते, आणि तिथे जुनं पुसून नवं लिहायला मोकळी जागा लागते. ती उरली नाही की साधं अ‍ॅप उघडतानाही फोन धापा टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. पाच एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी तिथे वेगळ्या काढूनच ठेवलेल्या असतात. सुप्रभाताचे व्हिडिओ किती जागा अडवून बसलेत ते बघाल तर चकित व्हाल. तिथूनच सुरुवात करा, घरच्या फोटोंना सध्या हात लावू नका.

फोटोंना हात का लावायचा नाही, तेही सांगते. 'फोटो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत आहेत, आता फोनमधून उडवा' हा सल्ला सर्रास दिला जातो. पण बऱ्याच सेवा बॅकअप घेत नाहीत, जुळवून ठेवतात. म्हणजे फोनमधून फोटो पुसला की क्लाउडमधूनही पुसला जातो. 'फोनमधली जागा मोकळी करा' असा वेगळा पर्याय असेल तर तोच वापरा, आणि त्याआधी एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर काढून घ्या. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम आजही कामाचा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. क्लाउड ही ती घराबाहेरची प्रत समजायची.

बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी वापरली की झिजते, त्यात कोणाचा दोष नसतो. आणि झिजलेली बॅटरी फोनलाही मंद करू शकते. डिसेंबर २०१७मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं, की जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून कंपनी त्यांचा वेग मुद्दाम कमी करत होती. लोकांनी बॅटरी बदलली आणि तेच फोन पुन्हा पळायला लागले. त्यावरून पुढे अमेरिकेत खटले झाले आणि २०२०मध्ये कंपनीने भरपाईची तडजोड केली. तेव्हा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी तपासून घ्या. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली आली असेल तर ती बदलण्याजोगी झाली असं धरायला हरकत नाही. बॅटरी बदलणं नव्या फोनच्या मानाने अगदीच स्वस्त पडतं. जाता जाता: चालू अ‍ॅप एकेक करून बोटाने वर ढकलून बंद केल्याने बॅटरी वाचते हा गैरसमज आहे. अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडताना उलट जास्त खर्च होते. बॅटरीचं खरं वाकडं आहे ते उष्णतेशी. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवत असाल तर ती सवय आजच सोडा.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे फोन बदलायचाच नाही. तसंही नाही. एक गोष्ट अशी आहे जिच्यावर हा निर्णय खरोखर अडतो, आणि तिचा उल्लेख मुलाच्या बोलण्यात नाही, तुमच्या पत्रातही नाही: सुरक्षा अपडेट.

फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडत राहतात. कंपनी दुरुस्ती करते, ती अपडेट म्हणून पाठवते, आणि त्या दोषाची माहिती जाहीर होते. ती चोरांनाही वाचायला मिळते. ज्या फोनांना अपडेट येणं थांबलं आहे त्यांची कुठली खिडकी उघडी आहे, हे मग जगजाहीर असतं. गंमत अशी, की अशा फोनवर अ‍ॅप तर अपडेट होत राहतात, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अपडेट' शोधा, समोर तारीख दिसेल. तारीख गेल्या दोन-तीन महिन्यांतली असेल तर निवांत राहा. वर्ष उलटून गेलं असेल आणि कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलचा कालावधी संपल्याचं लिहिलं असेल, तर बॅटरीवर खर्च करू नका. मग फोन बदला, कारण तुम्ही त्यावरून पैशांचे व्यवहार करता. फोन कितीही झकास चालत असता तरी मी हेच सांगितलं असतं.

आणि बदलायची वेळ आलीच, तर दुकानात पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारू नका. 'या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत?' हा विचारा. गूगलने २०२३च्या पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगने २०२४च्या गॅलेक्सी एस२४पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. पण सगळ्या कंपन्या, सगळी मॉडेलं इतकी उदार नसतात. युरोपीय संघाने तर जून २०२५पासून नियमच केला: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे, आणि बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमतेची उरली पाहिजे. यात एक खोच आहे. कंपन्या ही वर्षं साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घेतलं तर अपडेटची दोन वर्षं आधीच उडालेली असतात. ती वजा करून किंमत दर वर्षाला किती पडते हे काढून बघा. हा हिशेब तुम्हाला मी शिकवायला नको.

आता ती वही.

वहीची थट्टा करणाऱ्यांना माझा निरोप द्या: दूर देशात बसलेल्या चोराला तुमच्या कपाटातली वही वाचता येत नाही. इंटरनेटवरचे बहुसंख्य हल्ले घरात शिरून होत नाहीत. ते एखाद्या वेबसाइटवरून फुटलेली पासवर्डची यादी घेऊन तोच पासवर्ड इतर शंभर ठिकाणी लावून बघतात. त्यामुळे वहीतला धोका वहीत नाही, वहीतल्या मजकुरात आहे. तिची पानं एकदा चाळा. एकच पासवर्ड, शेवटी आकडा बदलून, किती ठिकाणी आहे? जिथे असेल तिथे तो बदला. सगळीकडे आजच्या आज बदलायची गरज नाही. आधी मुख्य ईमेल, मग बँक, मग बाकीचं. ईमेल पहिला कशासाठी, तर इतर सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलात?' हे दुवे त्यातच येऊन पडतात. ज्याच्या हाती तुमचा ईमेल, त्याच्या हाती सगळंच.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची शिस्तही तुम्ही पाळता, असं लिहिलंय. ती सोडली तरी चालेल. हा नियम रुजवणारी मार्गदर्शिका २००३मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या बिल बर यांनी लिहिली होती, आणि २०१७मध्ये त्यांनीच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्याच वर्षी त्या संस्थेनेही ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं म्हटलं. सक्तीने बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. लांब पासवर्ड ठेवा, चार-पाच असंबद्ध शब्दांचा, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि तो फुटल्याचं कळलं तरच बदला. वही घरातच राहू द्या, पर्समध्ये नको. तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवायचा तर मुळीच नाही.

वहीची एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. समोरची वेबसाइट खरी आहे की खोटी, हे वही सांगू शकत नाही. बँकेसारखंच दिसणारं खोटं पान उघडलं तर तुम्ही वहीतला उत्तम, लांबलचक पासवर्ड अगदी काळजीपूर्वक त्यात टाइप कराल, आणि तो गेला. ओटीपीचंही तेच. घाईत तोही त्याच पानावर टाकला जातो.

इथे ती पासकी येते, जिला तुम्ही सारखं 'नंतर' म्हणताय. गेल्या काही वर्षांत सामान्य वापरणाऱ्यांसाठी आलेल्या नव्या गोष्टींपैकी खरोखर शिकून घ्यावी अशी कुठली, असं मला विचाराल तर मी एआयच्या आधी हिचं नाव घेईन. २०२२मध्ये अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी एकत्र येऊन तिला पाठिंबा जाहीर केला. तीन प्रतिस्पर्धी एका गोष्टीवर एकमत होतात हे सहसा घडत नाही.

पासकी काम कशी करते? 'तयार करा' म्हटलंत की फोन दोन किल्ल्यांची जोडी बनवतो. एक खासगी, ती तुमच्याकडे राहते. दुसरी उघड, ती वेबसाइटकडे जाते. लॉगिन करताना वेबसाइट एक कोडं पाठवते, फोन खासगी किल्लीने त्यावर सही करून परत पाठवतो, आणि वेबसाइट उघड किल्लीने ती सही पडताळते. तुम्ही फक्त बोट ठेवता, चेहरा दाखवता किंवा फोनचा पिन टाकता. टाइप करायला पासवर्डच नाही, म्हणून चोरायलाही नाही. वेबसाइटचा सगळा साठा फुटला तरी चोराला उघड किल्ली मिळते, आणि तिचा त्याला उपयोग शून्य. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही जोडी त्या वेबसाइटच्या नेमक्या पत्त्याशी बांधलेली असते. खोट्या पानाचा पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी तिथे तुमची पासकी पुढे येतच नाही. तुमची नजर फसेल, फोनची फसत नाही.

बोटाचा ठसा वेबसाइटकडे जातो का, ही शंका तुमच्यासारखी अनेकांना असते. जात नाही. तो फक्त फोनचं कुलूप उघडतो, तेही फोनच्या आतच. यासाठी नवा फोन लागतो का? अँड्रॉइड ९ किंवा आयओएस १६ आणि त्यापुढचं काहीही चालतं, म्हणजे तुमचा चालायला हवा. फोन हरवला तर? पासकी सहसा तुमच्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्यात जपून ठेवलेल्या असतात, दुसऱ्या फोनवर ते खातं उघडलं की परत मिळतात. त्यामुळे सगळा भार त्या एका खात्यावर येतो. त्याचा रिकव्हरी नंबर आणि ईमेल आजचे, चालू असलेले आहेत ना, ते आधी तपासा. त्या खात्याचा पासवर्ड आणि मिळाले तर बॅकअप कोड लिहायला तुमच्या वहीइतकी चांगली जागा नाही. पासकी स्वतःच्याच फोनवर बनवा, दुसऱ्या कोणाच्या किंवा सामायिक कॉम्प्युटरवर कधीच नको. पहिली मुख्य ईमेलसाठी करून पाहा, काही दिवस वापरा, मग बाकीच्यांचं बघू.

चॅटबॉटबद्दल तुम्ही जरा ओशाळून लिहिलंय, जणू प्रश्न विचारायला तुम्हीच चुकलात. चुकला नाहीत. ही यंत्रं प्रचंड मजकूर वाचून, पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता आहे याचा अंदाज बांधत वाक्य रचतात. त्या अंदाजात थोडी यादृच्छिकता मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर बदलू शकतं. प्रश्नाच्या सुराचाही परिणाम होतो. 'चालतं ना?' असं विचारलं की ती होकाराकडे झुकतात, 'काही धोका आहे का?' म्हटलं की सावधगिरीकडे. आणि दोन्ही वेळा भाषा तितकीच ठाम. २०२३मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले दाखले तसेच्या तसे न्यायालयात सादर केले. ते खटले अस्तित्वातच नव्हते, आणि न्यायाधीशांनी त्यांना पाच हजार डॉलरचा दंड केला. शिकलेसवरलेले वकील फसले ते त्या ठाम भाषेलाच.

तुम्ही पावती जोडलेली नसताना कुणाचं व्हाउचर कधी पास केलं होतं का? चॅटबॉटचं उत्तर म्हणजे पावतीविना आलेलं व्हाउचर. कधी रक्कम बरोबरही असते, पण सही तुमची लागणार आहे. औषधांच्या बाबतीत सही डॉक्टरांची किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टची, दुसऱ्या कुणाची नाही. चॅटबॉटकडून 'डॉक्टरांना काय काय विचारावं' याची यादी जरूर बनवून घ्या, त्यात तो तरबेज आहे. क्लिष्ट नोटीस सोप्या भाषेत समजावणं, पत्राचा मसुदा, इंग्रजी मजकुराचा मराठी सारांश, यांसाठीही बेलाशक वापरा. ही अशी कामं आहेत, की उत्तर चुकलं तर मूळ कागद तुमच्या हातात असतो आणि चूक पकडता येते. मात्र त्यात नाव, खाते क्रमांक, ओळखपत्राचे फोटो, वैद्यकीय अहवाल टाकू नका. तुमच्या संभाषणांचा उपयोग पुढे यंत्राला शिकवायला होऊ शकतो. तो बंद करायचा पर्याय बऱ्याच सेवांच्या सेटिंग्जमध्ये असतो, एवढं एकदा बघून घ्या.

मैत्रिणीला आलेला फोन ही तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर बाब, आणि तिचा इलाज सगळ्यात सोपा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३मध्ये दाखवून दिलं होतं, की अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची नक्कल करता येते. २०२४मध्ये हाँगकाँगच्या एका कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपले वरिष्ठ आणि सहकारी 'पाहिले', त्यांचं ऐकलं आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. कॉलवरची ती सगळी माणसं बनावट होती. तेव्हा आवाज नीट ऐकून खरं-खोटं ओळखायचा प्रयत्नच करू नका. तुमचा कान तीक्ष्ण असला तरी या खेळात तो हरेल. फोन ठेवा, आणि तुमच्याकडे साठवलेल्या मुलाच्या नंबरवर स्वतः फोन लावा. पडद्यावर दिसणारा येणारा नंबर खोटा दाखवता येतो, म्हणून आलेला फोन पुरावा नाही. तुम्ही लावलेला फोन हा पुरावा. तो लागला नाही तर सुनेला लावा, आणि तोवर पैसे हलवायचे नाहीत. समोरचा 'फोन ठेवू नकोस, कोणाला सांगू नकोस' म्हणत असेल तर ठेवण्याचं तेच सर्वांत मोठं कारण.

याच्या जोडीला घरात एक परवलीचा शब्द ठरवा. वाढदिवस, पाळीव प्राण्याचं नाव असलं समाजमाध्यमांवर सापडणारं काही नको. कधीकाळी फक्त तुमच्या घरातच झालेली एखादी फजिती चालेल. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही, समोरासमोर ठरवायचा.

आणि इथे ती सहावी तक्रार येते. मुलगा तुम्हाला मदत करतो ती अशी, फोन हातातून घ्यायचा, भराभर दहा ठिकाणी बोट फिरवायचं आणि 'झालं' म्हणून परत द्यायचा. काय केलं ते तुम्हाला कळत नाही, पुढच्या वेळी पुन्हा विचारावं लागतं, पुन्हा तो सूर. मला वाटतं यात त्याचा तिरस्कार कमी आणि घाई जास्त आहे. कदाचित काळजीही असेल, म्हणूनच तो नवा फोन घ्या म्हणतो. पण त्याने तुम्ही कायम परावलंबी राहता. पुढच्या वेळी तो आला की 'फोन नीट करून दे' म्हणू नका. नेमकं काम सांगा: 'आज ईमेलची पासकी करायची आहे आणि परवलीचा शब्द ठरवायचा आहे. फोन माझ्या हातात राहील, तू फक्त सांगत जा.' वेळ दुप्पट लागेल, लागू दे. परवलीच्या शब्दाची गोष्ट त्याच्याकडे तुम्हीच काढा. हाँगकाँगचा किस्सा त्याला माहीत नसेल तर तुम्हीच ऐकवा. घरात तंत्रज्ञानाबद्दल नेहमी एकाच बाजूने सल्ला वाहत असेल, तर तो एकदा उलटा वाहिलेला बरा असतो.

'हा नाद सोडूनच द्यावा का' या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत. चॅटबॉट, घड्याळातली नाडी, बोलकी स्पीकरपेटी, यातलं काही नको वाटत असेल तर खुशाल सोडा. काहीही अडत नाही, आणि दोन वर्षांनी हवंसं वाटलं तर तेव्हा ते आणखी सोपं झालेलं असेल. पण ईमेलचं कुलूप, फोनचे अपडेट आणि पैशांच्या फोनवरची सावधगिरी हे सोडता येणार नाही, कारण ते तुम्ही सोडलं तरी चोर तुम्हाला सोडत नाही. माझा अंदाज विचाराल तर आधी स्टोरेज, मग अपडेटची तारीख, ती ठीक असेल तर बॅटरी, एवढ्यावर तुमचा फोन आणखी दोन वर्षं तरी निभावेल.

तारीख उलटून गेलेली निघाली आणि नवा फोन घ्यावाच लागला, तर जुना लगेच कुणाला देऊ नका. निदान दोन आठवडे जवळ ठेवा. प्रत्येक अ‍ॅप नव्या फोनवर उघडून बघा, विशेषतः बँकेचं आणि लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर. ते आपोआप नव्या फोनवर येतीलच असं नाही, आणि जुना फोन पुसल्यावर कळलं तर भारी पंचाईत होते. सगळं जागेवर आलं की जुन्या फोनमधून गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, आणि मगच फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन पूर्ण कोरा करा. अपडेट बंद झालेला फोन नातीला खेळायला देऊ नका, निदान तुमचं कुठलंही खातं त्यात ठेवून तरी नको. कचऱ्यातही टाकू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी कचऱ्याच्या रीतसर पुनर्वापराची नोंद आहे. नवा फोन घेताना जुना परत घेता का, हे त्याच दुकानात विचारा, आणि देताना तो रीसेट झालेला आहे ना, हे त्यांच्यासमोर एकदा सुरू करून बघा.